थोरलीला दहा, धाकटीला आठ

"ताई, सँडल घेऊन राहिल्या का कुस्ती खेळून राहिल्या?"

दुकानदार दामूभाऊंनी हे विचारलं तेव्हा एक चिमुकली सँडल माझ्या दोन्ही हातांत होती आणि मी ती ताकद लावून दुमडत होते.

"वाकवून बघतेय," मी म्हटलं. "बोटांपाशी वाकायला हवी. मधोमध वाकली तर तळवे दुखतात. आणि हा पट्टा नुसता सोल्युशनवर चिकटवलाय, शिलाई नाही. दुसरी दाखवा."

"घ्या! आता तुम्हीच बसा गल्ल्यावर."

माझ्या शेजारी स्टुलावर बसलेल्या सासूबाई हसल्या. अकोल्यातला मे महिना, सकाळचे साडेदहा, आणि टिळक रोडवर एवढ्यातच डांबर मऊ व्हायला लागलेलं. माझ्या धाकट्या दिराचं, सुयोगचं, लग्न आठ दिवसांवर आलेलं. बाराच्या आत खरेदी उरकून घरी पोचायचं होतं. दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती : उन्हाळी सूट, चाळीस टक्के. दोन जोडांवर आणखी दहा.

मला चप्पल-बुटातलं कळतं. कुणी शिकवलं नाही, पण पाच वर्षांत शिकले. बक्कल ओढून बघायची, आतल्या तळव्यावर अंगठा दाबून बघायचा, टाचेची मागची बाजू चिमटीत धरून बघायची. दामूभाऊंनी तिसरा डबा उघडला. डाळिंबी रंग, दुहेरी शिलाई, बोटांपाशी बरोबर वाकणारा सोल, दोन बक्कलं. माझा हात त्या सँडलवरून निघेना.

"लेकरू कुठं आहे? घालून पायलं असतं," दामूभाऊ म्हणाले.

"घरी आहे. ऊन आहे ना."

"सँडल नकोच," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "बंद बूट दाखवा. मोज्यावर घालाचे."

"मे महिन्यात बूट? पाय शिजतीन नं पोट्टीचे!"

"आमची पोट्टी नाजूक आहे. तिले धूळ चालत नाई."

दामूभाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी पर्स उघडली. माझ्या लेकीला, जुईला, मी कधी चपलांच्या दुकानात आणलंच नव्हतं. तिचा पाय वर्तमानपत्रावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कापायचं आणि तो कागद घेऊन दुकानात यायचं, ही आमच्या घरातली रीत. मी कागद काढून काउंटरवर ठेवला. त्याच्यासोबत दुसरा एक घडी केलेला कागद बाहेर आला आणि काउंटरवरून घसरून दामूभाऊंच्या हाताशी पडला.

त्यांनी तो उलगडला. वहीचं पान. त्यावर खडूनं, वेड्यावाकड्या रेघेत काढलेलं एक पाऊल. पाची बोटांना लाल नखं.

"अरे वा! ही दुसरी का? लहान?" त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "एक थोरली, एक धाकटी."

 ते चित्र माझ्या पर्समध्ये आहे, हे मला माहीतच नव्हतं.

"हो," सासूबाई म्हणाल्या. एक क्षणही न थांबता. "धाकटी आहे."

"नाव काय तिचं?"

"पिंकी."

"किती वर्षांची?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची कल्पना तिथं संपली होती. दुकानात पंखा फिरत होता. दामूभाऊ सहज वाट पाहत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी 'नाही' म्हणू शकले असते.

"तीन," मी म्हटलं.

"मग कायले विचार करता? थोरलीले दहा, धाकटीले आठ. दोन जोड घ्या, पन्नास टक्के सूट. बहिणी-बहिणी एकसारख्या घालून लग्नात मिरवतीन."

"बूटच द्या," सासूबाई म्हणाल्या. "थोरलीचेच."

आणि आम्ही बंद बूट घेतले. दहाचे.

रिक्षात बसल्यावर मी तो खडूचा कागद मांडीवर उलगडला. सकाळी मी किल्ल्या शोधत होते, तेव्हा जुई फरशीवर पाय ठेवून वाकलेली होती. "आई, तू नेहमी एकाच पायाचा कागद नेतेस. या पायाचं माप कोण नेणार?" मी "हो हो" म्हटलं होतं. तिनं स्वतःच तो पर्समध्ये सरकवला असणार.

दुसरी मुलगी मला नाही. तो कागद जुईच्याच डाव्या पायाचा होता.

जुई जन्मली ती डावं पाऊल आत वळलेलं घेऊन. बाराव्या दिवशी पहिलं प्लॅस्टर. मग दर आठवड्याला जुनं काढायचं, पाऊल थोडं सरळ करायचं, नवं घालायचं. त्यासाठी नागपूरला जावं लागे. माझे बाळंतपणाचे टाके दुखत होते, म्हणून एस.टी.त जुईला मांडीवर घेऊन बसायच्या त्या सासूबाई. प्लॅस्टर ओलं होऊ नये म्हणून त्या अख्खा प्रवास तिचा पाय तळहातावर तोलून धरत. हे मी विसरलेले नाही, आणि पुढचं ऐकताना कुणी त्यांना वाईट समजू नये. पाऊल सरळ झालं. जुई चालली, पळाली, झाडावर चढली. डाव्या पायाचं माप दोन नंबरांनी लहान राहिलं आणि पोटरी थोडी बारीक, एवढंच. डॉक्टर म्हणाले, आता काही करायचं नाही.

पुढचं सगळं आम्ही केलं. डाव्या बुटात कापूस. बारा महिने मोजे. घोट्यापर्यंत फ्रॉक, ते मीच शिवत होते. कुणी घरात आलं की माझी नजर आधी त्याच्या नजरेकडे जायची. ती खाली सरकायला लागली की मी चहाचं विचारायचे. गृहविज्ञानाची पदवी घेतलेली बाई मी, आणि मी माझ्या मुलीच्या पायाला वेगळं नाव देऊन, वय लावून मोकळी झाले होते.

घरी पोचलो तेव्हा जुई शेजारच्या काकूंकडे पन्हं पीत बसली होती.

"चल," मी म्हटलं.

"कुठं?"

"तुझ्या पायाचं माप द्यायला. दोन्ही."

सासूबाई अजून पदरानं कपाळ पुसत होत्या. "मेघना! अवं, ऊन पायलं का? पंचेचाळीसच्या वर आहे."

"म्हणूनच. म्हणूनच सँडल घ्यायच्यात, आई."

त्यांना एका क्षणात सगळं समजलं. त्या दारात आल्या. "आयक वं. सुयोगचं लग्न होऊ दे. मग तिले काय घालाचं ते घाल, मी एक शब्द बोलणार नाई. नवरीकडचे लोक पायतीन, म्हणतीन यांच्या घरातच आहे हे. उद्या सुयोगच्या लेकराले... मांडवात पोरगी रडत बसली तर?"

"म्हणू देत."

"तुले सोपं आहे म्हणणं."

सोपं नव्हतं.  मी जुईचा हात धरला आणि बाहेर पडले.

दामूभाऊ शटर अर्धं ओढून डबा खायला बसायच्या बेतात होते. आम्हाला पाहून त्यांनी शटर पुन्हा वर केलं. जुईकडे पाहून हसले. "आली का! ही कोणती? थोरली का धाकटी?"

"दोघी," मी म्हटलं.

ते हसतच राहिले. मग त्यांना वाटलं असावं की आपल्याला काही कळलं नाही. मी जुईला स्टुलावर बसवलं, बूट काढले, मोजे काढले. डाव्या बुटातला कापूस ओढून काउंटरवर ठेवला. घामानं ओला झालेला, चेपून चेपून बुटाच्या टोकाचा आकार घेतलेला. दामूभाऊंनी कापसाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. जुईनं दोन्ही पाय पुढे केले आणि बोटं हलवली.

"पिंकी कुणी नाही," मी म्हटलं. "मघाशी खोटं बोललो आम्ही."

दामूभाऊ बराच वेळ डबे उगीच मागेपुढे करत राहिले. मग म्हणाले, "ताई, जोड नाई फोडत आम्ही. एकदा फोडला की राहिलेला एकेक पाय जन्मभर दुकानात बसून राहते. कोण नेणार त्याले?"

"फोडू नका. दोन जोड द्या. थोरलीला दहा, धाकटीला आठ. तुम्हीच म्हणालात ना मघाशी?"

दहाचा जोड समोरच होता. आठचा डबा त्यांनी वरून काढला, उघडला, आणि त्यात एकच सँडल होती, उजवी.

"डावी शोकेसात आहे," ते म्हणाले. "शोकेसात लहानच माप लावतो, दिसाले गोड दिसते. मार्चपासून उन्हात आहे पण." त्यांनी काचेमागून ती काढून आणली. डाळिंबी रंग उडून गेला होता. विटकरीसुद्धा नाही, फिक्कट गुलाबी, मधून मधून पांढुरका. "हा शेवटचाच. या डिझाइनमध्ये आठ दुसरा नाई."

मी त्या सँडलकडे पाहिलं. शिलाई तशीच मजबूत. सोल बरोबर वाकत होता. पण उजवा पाय मोठा आणि गडद, डावा लहान आणि फिका. ज्याची नजर जाणार नाही त्याचीही गेली असती. मी इतकी धिटाई करून आले होते, आणि रंगापाशी येऊन अडकले.

"दुसरं काही दाखवा," मी म्हटलं. "निळं. काळं."

"मला हीच," जुई म्हणाली. तिनं ती घातलीसुद्धा होती, बक्कल उलट लावून. "ही उन्हात उभी राहिली, म्हणून हिचा रंग गेला. मोठी डब्यात झोपली होती."

ती उठली, दुकानभर दोन चकरा मारल्या. मी बारा महिने चोवीस तास तिच्या चालण्याकडे पाहत असे, पण कापूस नसलेला तिचा डावा पाय जमिनीवर कसा पडतो, ते मी घराबाहेर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अगदी सरळ पडत होता.

दामूभाऊंनी डोळे पुसले की घाम, मला सांगता येणार नाही. "धाकट्या जोडाचे पैसे नका देऊ, ताई. माह्याकडून राहू द्या. देवानं लेकराले असं..."

"भाऊ," मी म्हटलं, "पाटीवर काय लिहिलंय?"

"चाळीस. दोन जोडांवर आणखी दहा."

"तेवढीच सूट द्या. आणि ही विटलेली आहे, तिचे वेगळे कमी करा. रंगाचे. पायाचे नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग गल्ल्यावर बसले. आवाज एकदम दुकानदाराचा झाला. "विटक्याचे वीस टक्के."

"तीस."

"ताई, मी खरंच सांगतो, तुम्ही बसा गल्ल्यावर."

पंचवीसवर जमलं. माझ्या शिकवणीच्या पैशातून दिले.

घरी जुईच्या बाबांनी सँडल पाहिल्या, हातात फिरवल्या आणि म्हणाले, "छान आहेत. पण लग्न झाल्यावर घातल्या असत्या तर..." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. सासूबाई माझ्याशी आठ दिवस कामापुरतं बोलल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या पिशवीत नवे बंद बूट, पांढरे मोजे आणि कापसाची गुंडाळी ठेवली. मी पाहिलं. मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं.

मी लग्नासाठी शिवलेल्या जुईच्या फ्रॉकची शिलाई उसवली आणि तो गुडघ्यापर्यंत आखूड केला.

कार्यालयाच्या दारात चपलांचा ढीग होता. जुईनं स्वतःच बक्कलं सोडली, सँडल भिंतीशी शेजारी शेजारी लावून ठेवल्या आणि अनवाणी पोरांच्या घोळक्यात शिरली. सासूबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळून पुढे गेले.

नजरा आल्या. मला येताना दिसल्या. नवरीच्या मावशीची नजर खाली गेली, वर माझ्याकडे आली, परत खाली गेली. या वेळी मी चहाचं विचारलं नाही.

"पडली होती का हो?" मावशींनी विचारलं.

"नाही. जन्मापासून आहे."

"अगंबाई. मग दुखतं का तिला?"

"तिला विचारा. पकडता आली तर."

अक्षता पडल्या. टाळ्या झाल्या, वाजंत्री थांबली, माइक नवरीच्या काकांच्या हातात आला. ते सकाळपासून त्याचीच वाट पाहत होते. पंगतीची सूचना झाली, पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीची झाली. मग त्यांनी दुसरा हात वर केला.

"एक महत्त्वाची विनंती. दारात एका लहान मुलीच्या सँडलची अदलाबदल झालेली आहे. एक मोठी आहे, एक लहान. रंगसुद्धा वेगळा आहे. ज्या कुणा पाहुण्यांच्या लेकरानं चुकून दुसरी घातली असेल, त्यांनी कृपया आणून द्यावी."

त्यांच्या हातात जुईच्या सँडल होत्या. त्यांनी त्या चारी दिशांना दिसाव्यात म्हणून फिरवून दाखवल्या. तीन-चार बायका वाकून आपापल्या पोरांचे पाय तपासू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "पाहा बरं, किती लहान-मोठी आहे, कळू नये का घालताना!" आणि हसू फुटलं.

जुई पुढच्या रांगेत उभी होती. तिनं उजवं पाऊल उचललं आणि डाव्यावर ठेवलं. झाकलं. मी तिला असं करताना आधी कधीच पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ते काम मीच करत होते.

मी उठले. साडीचा काठ खुर्चीच्या पायात अडकला. तो सोडवून वर पाहते तर माझ्याआधी सासूबाई माइकपाशी पोचल्या होत्या. नव्या शालूत, काखेत तीच पिशवी. त्यांनी काकांच्या हातातून दोन्ही सँडल काढून घेतल्या. पदर खांद्यावरून पुढे ओढला. आता त्या सँडल पदराखाली जाणार, मला वाटलं, आणि पिशवीतून बूट बाहेर येणार. मी धावले.

"अदलाबदल नाई झाली," सासूबाई म्हणाल्या. माइक जवळच होता, त्यांचा आवाज सगळीकडे गेला.

"अहो विहीणबाई, पण हे माप बघा..."

"मी पायलं माप. दुकानात मीच होते. माह्या नातीच्या आहेत. एक पाय दहाचा, एक आठचा. जोड बरोबर आहे."

काका गोंधळले. "बरं, बरं. असू द्या, असू द्या. चला मंडळी, पंगत..."

"असू द्या काय? माइकवर विचारलं नं तुम्ही? मग माइकवरच सांगा."

पंगतीकडे निघालेली माणसं थांबली. सुयोग बाशिंगाआडून आईकडे पाहत होता. त्याच्या शेजारी नवी नवरी. काकांनी घसा साफ केला. "तर मंडळी... सँडलचा जोड बरोबर आहे. कुणी शोधू नये."

सासूबाई दोन्ही सँडल हातात घेऊन जुईपर्यंत चालत आल्या. पिशवी खाली टाकली, शालूसकट जमिनीवर बसल्या आणि तिचा डावा पाय तळहातावर घेतला. एस.टी.त धरायच्या तसाच, खालून, तोलून.

"मांडवात पायताण?" मागून एका म्हाताऱ्यानं म्हटलं. सासूबाईंनी वळूनही पाहिलं नाही. बक्कल लावलं. "घट्ट झालं का?"

"नाही," जुई म्हणाली.

"मंग तोंड कायले पाडलं?"

जुईनं ओठ दाबले. मग म्हणाली, "आजी, त्यांनी माझं नाव नाही सांगितलं."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. जुई आता पुण्याला हॉस्टेलवर असते आणि सेलच्या पाट्या वाचून दोन दोन जोड घेते. तिच्या दोन्ही पायांना आमच्या घरात अजून थोरली आणि धाकटीच म्हणतात. पण त्या दिवसाचा शेवट मला आठवतो तो असा. सासूबाईंनी गुडघ्यावर हात टेकला, दुसरा माझ्या खांद्यावर टाकला आणि कण्हत उठल्या. "थांब," त्या जुईला म्हणाल्या आणि परत माइककडे चालू लागल्या.

काकांनी त्यांना येताना पाहिलं, आणि माइक आपणहून पुढे केला.